काटेवाले काका आणि हवेचे फुगे

काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. मूर्तिजापूरला भाड्याची खोली बघायला आम्ही नवराबायको त्यांच्या दारात उभे होतो. ते ओसरीत बाजेच्या बरोबर मधोमध बसलेले. मला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चाळीस. हातातली पिशवी सोडून."

मला वाटलं भाडं सांगून राहिले.

मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "अठ्ठावन. तुमाले खोली भेटते. माडीच्या फळ्या जुन्या हायत, पण तुमी दोघं मिळून बी शंभराच्या आत हाय."

अशी आम्हाला खोली मिळाली. त्याआधी एक चांगलं खातंपितं जोडपं येऊन गेलं होतं, त्यांना काकांनी जिन्याच्या खालूनच परत पाठवलं होतं.

काका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. कापसाने भरलेल्या बैलबंड्या फाटकातून आत यायच्या आणि ते वजन करायचे. सारा जन्म त्यात गेला. पुढं पुढं म्हणे बंडी फाटकातून वळतानाच ते आकडा सांगायचे आणि मग काटा तोच आकडा दाखवायचा. ही गोष्ट काकाच सांगायचे, त्यामुळं खरी किती ते मला माहीत नाही. मी पाहिलं ते एवढंच की भाजीवालीने तोललेलं वांगं ते पुन्हा हातावर तोलायचे आणि म्हणायचे, "बाई, तुया काटा रुसला हाय." भाजीवाली आमच्या गल्लीत आली की आधी काका घरी आहेत का ते विचारायची.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत. "बासष्ट येऊन गेला, सायंकाळी येतो म्हने." घरचे बरोबर ओळखायचे की हा बासष्ट म्हणजे कोपऱ्यावरचा टेलर. मी चाळीस. माझा नवरा अठ्ठावन. फक्त काकूंचा आकडा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. काकू चांगल्या भरल्या अंगाच्या. मी एकदा भांडी घासता घासता हळूच विचारलं तर काकू हसायला लागल्या. "लगन झाल्यावर एक डाव सांगतला होता त्याईनं. मंग आठ दिस सोताच्या हातानं भाकरी थापल्या. त्या बी कच्च्या."

बाजेवर दोन पाहुणे एकाच बाजूला बसले की काका अस्वस्थ व्हायचे. बोलणं अर्धवट सोडून म्हणायचे, "तुमी जरासे इकडे सरका." पाहुणा सरकला की मग ते पुढचं बोलायचे. सोयरीक जुळवायला आलेल्या लोकांनाही त्यांनी असं सरकवलं होतं.

ते दिवस वऱ्हाडात चांगले नव्हते. कापूस पडत्या भावाने जायचा, जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या. माझ्या नवऱ्याची अकोटची जिनिंग बंद पडली म्हणूनच आम्ही इकडे आलो होतो, आणि तो बाजारात पोती उचलायचा. काकांची पण बंद पडली. एकदा काका आठवडी बाजारातून आले आणि जेवले नाहीत. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "मानसं हलकी होऊन राहिली. ओळखीची मानसं. दोन-दोन, तीन-तीन किलोनं." त्या दिवशी त्यांनी कोणाला आकड्याने हाक मारली नाही.

जिनिंगचे पैसे मिळाले ते घेऊन काका अमरावतीला गेले आणि एका ठेकेदाराची जुनी मोठी जीपगाडी घेऊन आले. नव्या धर्तीची. मागे पाटे नाहीत, वेटोळ्याच्या गोल स्प्रिंगा. ती त्यांनी दर्यापूरच्या वाटेला प्रवासी भाड्यावर लावली. दुसरे गाडीवाले माणसं कोंबायचे. काका माणसं बसवायचे. दारात उभे राहून एकेकाला बघायचे. "तुमी डाव्या बाजूले. तुमी मधी. पोट्टं मांडीवर घ्या, पण उजव्या मांडीवर." माणूस म्हणायचा, "मले खिडकी पायजे." काका म्हणायचे, "खिडकीत सत्तरच्यावर जागा नाई." अशाने कोण बसणार? समोरची गाडी भरून जायची, परत यायची, तरी काकांची उभीच. काकू म्हणायच्या, "यायनं गाडी घेतली का काटा घेतला?"

त्याच वर्षी आमच्या बचत गटाला डाळ मिल मिळाली. लहान मिल, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेली. वीज कधी जाईल त्याचा नेम नव्हता, म्हणून डिझेलचं इंजीनही त्याच ट्रॉलीवर. गावोगाव ओढत न्यायची आणि शेतकऱ्याच्या दारात त्याच्या तुरीची डाळ करून द्यायची, म्हणजे त्याला तूर पडत्या भावाने विकून तीच डाळ महाग घ्यावी लागणार नाही. पण योजनेच्या ज्या मॅडमने ती दिली त्यांनी आमच्या अध्यक्ष शांताबाईंना बजावलं होतं की याआधी एका गटाने मिल ताडपत्रीखाली झाकून ठेवली. होळीच्या आत तुम्ही ती स्वतः दर्यापूर रस्त्यावरच्या एका गावात नेऊन माझ्यासमोर चालवायची. नाहीतर दुसरा गट वाट बघून आहे, त्याला देते.

मला त्या मिलची फार गरज होती. दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाऊन माझी पाठ धरली होती आणि त्या सालात निंदणही रोज मिळत नव्हतं. मिल शिकवायला माणूस आला तेव्हा मी तिच्याजवळून हलले नाही. रोलरचं अंतर कसं कमी-जास्त करायचं, तूर किती सोडायची, सगळं हाताने शिकले. बोलायचं काम शांताबाईंचं. मी सभेत सही करून मागे बसायची. चार माणसांत माझा आवाजच निघत नसे.

मिल ओढायला ट्रॅक्टर परवडणार नव्हता. शांताबाईंनी काकांना विचारलं. काका उठले, मिलभोवती फिरले, ट्रॉलीचा दांडा एका हाताने उचलून पाहिला आणि हो म्हणाले. घराबाहेर गाडीला हूक लावलं, ट्रॉली जोडली, आणि जीपचं मागचं अंग खाली गेलं. पुढचं वर आलं. दिवे झाडाच्या शेंड्याकडं बघायला लागले.

"अवो, तुमची गाडी तं कुत्र्यावानी बसली," काकू ओसरीतून म्हणाल्या.

"तोंड बंद," काका म्हणाले. पण गाडीला म्हणाले की काकूंना, ते कळलं नाही.

तशीच रस्त्याला लागली असती तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी हातात राहिली नसती, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मग एक दिवस ते एसटीने अमरावतीला गेले आणि सुट्या भागांच्या दुकानातून एक खोकं घेऊन आले. त्यात जाड रबराचे दोन फुगे होते, दुधाच्या बरणीएवढे, आणि बारीक नळ्या. मागच्या स्प्रिंगच्या पोटात फुगा बसवायचा आणि त्यात हवा भरायची, म्हणजे वजन आलं तरी स्प्रिंग फार दबत नाही, असं ते म्हणाले.

"म्हंजे आता गाडी कितीबी ओढते," शांताबाई म्हणाल्या.

"नाई!" काका एवढ्या जोराने म्हणाले की कोंबड्या उडाल्या. "गाडीची ताकद हाय तेवढीच हाय. फुगा तिची पाठ सरळ ठेवते, बस. जास्त टाकसान तं ब्रेक लागनार नाई, मंग मले नका सांगजा."

फुगे बसवायचा दिवस आमच्या गल्लीत लग्नासारखा झाला. गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे दिले, मागचं चाक काढलं. स्प्रिंगच्या आत एक रबरी गुटका होता तो काढला. फुग्यातली सगळी हवा दाबून काढली, गुंडाळी केली, आणि वेटोळ्यांच्या फटीतून आत सारायला लागले. काकांचा पंजा आत जाईना. टेलर बासष्ट आला, त्याचाही जाईना. काका मागे वळून ओरडले, "चाळीस! कुठं हाय ते? तिचा हात आन!"

मी माडीवर लपले होते. काकूंनी ओढून आणलं. सगळ्या गल्लीसमोर मी जमिनीवर बसून गाडीच्या पोटात हात घातला. पदर दातात धरला होता, तेवढंच बरं, बोलावं लागलं नाही. आत ग्रीस आणि माती. "वर ढकल. आता फिरव. पिळ पडू देऊ नको. उलगडला काय?" मी मान हलवली. "मान हालवून मले काय दिसते? मी गाडीखाली हाय!" सगळे हसले. मी म्हटलं, "हाव."

दोन्ही बाजू मीच बसवल्या. नळ्या त्यांनी स्वतः नेल्या, सायलेन्सरपासून चांगल्या दूर, नाहीतर उष्णतेने वितळतात. तोंडं नंबरप्लेटजवळ काढली, तिथं सायकलच्या ट्यूबसारखे वॉल्व्ह. पंपाने हवा भरली आणि काकूंच्या कपड्याच्या साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर लावलं. एका जागी बुडबुडे आले, ते घट्ट केलं. ट्रॉली जोडली. गाडी सरळ उभी राहिली. काकांनी हुकापासून जमिनीपर्यंत वितीने मापलं, दोन वीत आणि चार बोटं, आणि उभ्या उभ्या लाजल्यासारखे हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण एवढ्यावर थांबले तर ते काका कसले? हवा किती भरायची ते आतल्या वजनावर, म्हणून जाणाऱ्या सहाही बायांचं खरं वजन पाहिजे म्हणाले. नजरेचं चालणार नाही. बाजारात ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर आम्हाला पोत्यांच्या रांगेत उभं केलं. हमाल तोंड फिरवून हसत होते, त्यात माझा नवरा पण. शांताबाई काट्यावर चढायला तयार नाहीत.

"मी सत्तर हाय. लिहून घ्या."

"शहात्तर," काका म्हणाले.

"सत्तर!"

"चढा मंग."

"मी कायले चढू? मी अध्यक्ष हाय."

शेवटी शहात्तरच धरलं आणि दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. कोणी कुठं बसायचं ते काकांनी ठरवलं. त्या हिशोबाने हवा भरली. मिलच्या नमुन्यासाठी लागणारी तुरीची दोन पोती ट्रॉलीच्या चाकांवर, किंचित पुढं ठेवली. "मागं चिमनी बी बसली नाई पायजे," म्हणाले.

जायच्या दिवशी सकाळी शांताबाईंनी नारळ फोडला, मिलला हळदकुंकू वाहिलं. काका आंघोळीला गेले. तेवढ्यात समोरची म्हातारी एक गठुडं घेऊन आली. "माय, मिल चाललीच हाय तं माई बी तूर घेऊन जा. तेल लावून वाळवून ठेवली हाय." आता दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शांताबाई म्हणाल्या, "टाका टाका, आपलीच मिल हाय." म्हातारीचं बघून दुसरी आली. मग तिसरी. कोणाची दोन पायल्या, कोणाची चार. बघता बघता अर्ध्या गल्लीची तूर ट्रॉलीच्या मागच्या अंगाला, फळीला टेकवून रचली गेली, आणि वरून ताडपत्री ओढली. काका केस पुसत आले, घाईत होते, बसले आणि निघाले.

गाव सुटेपर्यंत काही कळलं नाही. पुढं मोकळा रस्ता लागला आणि ट्रॉली डोलायला लागली. डावीकडं, उजवीकडं, म्हशीच्या शेपटीसारखी. आमची गाडीही मागून हलायला लागली. एक बाई देवाचं नाव घ्यायला लागली. काकांनी घाईने ब्रेक मारला नाही, हळूहळू वेग कमी करत बाभळीखाली गाडी घेतली. उतरले, हुकाजवळ बसले. दांडा हुकाला वर उचलत होता आणि गाडीचं मागचं अंग फुग्यांवर उंच झालं होतं. त्यांनी ताडपत्री वर केली.

खाली गठुडीच गठुडी.

"हे कोनाचं?" त्यांनी विचारलं.

"गल्लीचं," शांताबाई म्हणाल्या.

"कोनाले इचारून?"

"आता म्हातारीले नाई म्हनू काय? तुमी असते तं म्हनलं असतं?"

काकांनीही म्हटलं नसतं. ते एकेक गठुडं हातावर घ्यायला लागले. "हे नऊ. हे चवदा. हे समोरच्या बुढीचं, साडेसहा." सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं. मिलच्या पुढं जागा नव्हती. मागे ठेवलं तर ट्रॉली डोलणार. गाडीत ठेवावं तर गाडीत आम्ही. आणि तिकडे मॅडम येऊन बसल्या असतील.

"तूर इथंच ठेवा, येताना नेऊ," एक जण म्हणाली.

"लोकाइची सालभराची डाळ हाय ते. रस्त्यावर ठेवू?" काका म्हणाले. मग आमच्याकडं वळून, एकेकीला बघून, म्हणाले, "शांताबाई, उतरा."

"मी? मी काहून?"

"मानूस यष्टीनं येते. तूर येत नाई."

"म्हंजे मी तुरीपेक्षा हलकी झाली?"

"नाई. जड हाय. म्हनूनच उतरा."

शांताबाई रागाने लाल झाल्या आणि मग त्यांनाच हसू फुटलं. त्या उतरल्या, त्यांच्या जागी सहा-सात गठुडी बसली. मग बासष्टची बायको उतरली. मग आणखी एक. काका गठुडी आत ठेवायचे, मागे येऊन हुकाखाली वीत लावायचे, मान हलवायचे आणि पुढचीला म्हणायचे, "तुमी." खिळ्याने वॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडायचे, फुस्स, पुन्हा मापायचे. पाचही जणी खाली उतरल्या तेव्हा दोन वीत आणि चार बोटं बरोबर आलं.

मी गठुड्यांच्या मधात बसून होते. मी पण उतरायला गेले.

"तू कुठं चालली? तुया जागी ठेवाले काईच नाई."

पाच जणी बाभळीखाली एसटीला हात दाखवायला उभ्या राहिल्या आणि मी एकटी काकांसोबत पुढं निघाले. ट्रॉली आता मागे मागे शहाण्या वासरासारखी येत होती. काका खूश होते. मी मागे वळून वळून एसटी येते का ते बघत होते.

गावच्या पाराजवळ गर्दी. मॅडम खुर्चीवर, हातातल्या घड्याळाकडं बघत. काकांनी इंजिनाचा हँडल काढला.

"इंजीन मी चालू करतो. बाकी तू पाह्य."

"काका, शांताबाई आल्यावर…"

"मॅडमले अकोल्याले जा लागते. शांताबाई यष्टीची वाट पाहून राहिल्या."

"मले बोलता येत नाई, काका."

"तुले कोन बोल म्हनते? तूर टाक."

इंजीन धडधडायला लागलं आणि खरं सांगते, त्या आवाजाने मला बरं वाटलं. त्यात कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. हाताशी आलं ते गठुडं सोडून मी तूर टाकली. पहिल्या खेपेला चुनी फार पडली, दाणा फुटत होता. मॅडम उठून जवळ आल्या. त्यांनी चुनी बोटांनी चाळली आणि तोंड वाकडं केलं. मी काकांकडं बघितलं. ते गाडीच्या टायरकडं बघत होते, जसं काही त्यांचा आमच्याशी संबंधच नाही. मी रोलर थोडा सैल केला, नमुन्याच्या पोत्यातली तूर कमी कमी सोडली आणि वाट बघितली. आवाज बदलला. डाळ पडायला लागली, पिवळी, दोन फाकी स्वच्छ. गर्दीतल्या बाया पुढं सरकल्या. एकीने मूठ भरून घेतली आणि ती परत टाकेचना.

मॅडमने इंजीन बंद करायला सांगितलं. "पहिल्या वेळी चुनी का आली?"

काका पुन्हा टायरकडं. मग मॅडमने त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मले वजन समजते मॅडम. डाळीचं यायले इचारा."

सगळे माझ्याकडं बघून राहिले होते. मी डाळीकडं बघत म्हणाले, "रोलर जवळ झाला होता. अन् ही तूर थोडी वली हाय. दोन उन्हं आनखी पायजे होती. वाळलेली असली तं अशी येते." आणि दुसरा ढीग दाखवला. कोणाचं गठुडं ओलं होतं ते मी सांगितलं नाही.

"अध्यक्ष तुम्हीच का?"

"अध्यक्ष मागून येऊन राहिल्या," काका म्हणाले. "गाडीत जागा नव्हती."

मॅडमने गठुड्यांनी भरलेली गाडी बघितली, मला बघितलं, आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, मिल तुमच्याच गटाकडं राहू द्या, त्या दुसऱ्या गटाला मी पुढच्या वर्षाचं सांगते. मग त्यांची गाडी अकोल्याकडं निघून गेली.

एसटी आली तेव्हा आम्ही समोरच्या म्हातारीची डाळ काढत होतो. शांताबाई पळतच उतरल्या. भाषण पाठ करून आल्या होत्या.

"मॅडम कुठं?"

"गेल्या."

"अन् मिल?"

"राह्यली. आपलीच हाय."

त्यांनी मला असं जवळ ओढलं की मला श्वास घेता येईना. मग डोळे पुसले, पदर नीट केला आणि म्हणाल्या, भाषण तर मी करणारच. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चढल्या आणि बंधू आणि भगिनींनो म्हणाल्या. काका गाडीखाली नळ्या बघायला शिरले होते, तिथून ओरडले, "अवो, मागं नाई! मधी उभ्या राहा, मधी!" शांताबाई मधे सरकल्या आणि पुढं बोलायला लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ आली. शेजारच्या गावची, कडेवर लेकरू. हळू आवाजात म्हणाली, "बाई, उद्या आमच्या गावाले येता काय? गंज घरी तूर हाय, दहा-बारा घरी."

मी शांताबाईंकडं बघितलं, त्या महिलांच्या प्रगतीवर आल्या होत्या. काकांकडं बघितलं, त्यांचे फक्त पाय दिसत होते. विचारायला कोणी नव्हतं.

"येतो," मी म्हटलं. "तूर आज अन् उद्या सकाळी उन्हात घालून ठेवजा. दुपारी येतो."